उजेडाची वाटणी

घरात दिवे कोठे आणि कसे लावावेत, हा प्रश्न आपण सामान्यतः रुचीचा मानतो. ज्याला जे आवडेल ते त्याने करावे. त्यात दुसऱ्याने बोलण्यासारखे काही नाही, अशी आपली समजूत असते. हल्ली नवे घर घेतले की सजावटकार येतो, छताचा नकाशा टेबलावर पसरतो आणि कोठे गोल दिवे, कोठे लोंबता दिवा, कोठे छताच्या कडेतून झिरपणारा पिवळसर प्रकाश, हे पेन्सिलीने दाखवतो. घरातली माणसे भोवती जमतात. चर्चा होते ती दोनच गोष्टींची, शोभेची आणि खर्चाची. या दोहोंखेरीज तिसरीही एक बाजू या प्रश्नाला आहे आणि ती नीतीची आहे, असे मला वाटते. तिचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

‘नीती’ हा शब्द दिव्याच्या बाबतीत जड वाटेल, हे मी जाणून आहे. परंतु दिव्याचा स्वभाव पाहा. दिव्याला दिशा असते. तो एका कोपऱ्याकडे तोंड करतो तेव्हा दुसऱ्या कोपऱ्याकडे त्याची पाठ असते. जो उजेड वाचणाऱ्याला हवा असतो तोच शेजारी झोपलेल्याच्या पापणीवर टोचतो. म्हणजे चार माणसांच्या घरात दिवा लावणे ही वाटणीची क्रिया आहे. आणि एकाची सोय दुसऱ्याच्या गैरसोयीतून निघू लागली, की प्रश्न केवळ आवडीचा राहत नाही. जमिनीच्या वाटणीवरून भाऊ कोर्टात जातात. उजेडाच्या वाटणीवरून कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही. ती इतकी मुकाट्याने होते, की झाल्याचे कळतही नाही.

माझे माहेर कोल्हापूरकडचे. घरात वीज माझ्या जन्माआधीच आलेली होती. पण ती येण्यापेक्षा जाण्यासाठीच अधिक प्रसिद्ध होती. त्यामुळे कंदिलाची काच राखेने पुसणे, वात कातरणे, रॉकेलच्या बाटलीला दोरी बांधून ती खुंटीला अडकवणे ही कामे माझ्या पिढीच्याही अंगवळणी पडलेली आहेत. वीज गेली की मोठा कंदील सोप्यात जाई, कारण तेथे पुरुष माणसे बसत आणि कोणी आले-गेले तर ते प्रथम तेथेच येई. दुसरा, काच तडकलेला कंदील माजघरात. स्वयंपाकघरात मात्र पत्र्याची चिमणी. जेथे विळी होती, उकळते तेल होते, जेथे डाळीतला खडा आणि भाजीतली अळी दिसणे अत्यंत गरजेचे होते, तेथे घरातला सर्वांत क्षीण दिवा. आणि जेथे गप्पांशिवाय दुसरे काही चालत नसे तेथे सर्वांत मोठा! आजी म्हणे, “हाताला डोळे असतात.” लहानपणी मला ती आजीची कुशलता वाटे. कुशलता ती होतीच. परंतु तिच्यावर ती वेळ कोणी आणली होती, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही.

वीज असतानाही हा क्रम बदलत नसे. उलट विजेमुळे तो आकड्यांत मोजता येऊ लागला. सोप्यात शंभराचा बल्ब, माजघरात साठाचा, स्वयंपाकघरात पंचवीसचा, आणि न्हाणीघरात ‘झिरो’चा. घरातल्या माणसांची प्रतिष्ठा काढायला दुसऱ्या कोणत्याही कागदपत्राची गरज नव्हती. बल्बवरचे आकडे वाचले तरी पुरे होते. हे आमच्याच घरी होते असे नाही. जुन्या घरांत वाढलेल्या कोणत्याही वाचकाने मनातल्या मनात एक फेरी मारून पाहावी.

यावर कोणी म्हणेल, तो टंचाईचा काळ होता. तेल महाग, वीज महाग, म्हणून जेथे चारचौघे जमतात तेथे दिवा ठेवणे भागच होते. हे काही अंशी खरे आहे. माणसाच्या इतिहासात उजेड हा बहुतेक काळ चैनीचाच विषय होता. 1879 साली एडिसनने अमेरिकेत आणि त्याच सुमारास स्वान याने इंग्लंडात विजेचा टिकाऊ दिवा पेटवून दाखवला, तरी त्या दिव्यातली तार तापून उजेड देत असल्यामुळे निम्म्याहून कितीतरी अधिक वीज उष्णतेतच जाई. दहावा हिस्सासुद्धा उजेडाच्या वाट्याला येत नसे. मग एलईडी आला. तांबडा आणि हिरवा प्रकाश देणारे तसले दिवे पूर्वीच झाले होते. अडले होते ते निळ्यावर. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघा संशोधकांनी ते कोडे सोडवले, त्या निळ्यातून पांढरा उजेड मिळवता येऊ लागला, आणि 2014 साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. 2015 च्या जानेवारीत आपल्या सरकारने ‘उजाला’ योजना सुरू केली आणि कोट्यवधी घरांत हे दिवे स्वस्तात पोहोचले. जुन्या साठाच्या बल्बइतका उजेड आज नऊ वॉटमध्ये मिळतो. म्हणजे टंचाईची सबब आता उरली नाही.

आणि तरीही वाटणी बदलली आहे का? अलीकडे बांधलेल्या फ्लॅटांतून फिरताना मी मुद्दाम पाहते. दिवाणखान्याच्या छतात वीस-वीस दिवे असतात. त्यांतले निम्मे कधी लागत नाहीत. स्वयंपाकघरात मात्र बहुधा एकच दिवा, तोही छताच्या मधोमध. ओटा असतो भिंतीला लागून. म्हणजे ओट्याशी उभी राहिलेली बाई दिव्याकडे पाठ करून उभी असते आणि तिची स्वतःची सावली तिच्याच हातांवर, विळीवर, कांद्यावर पडते. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण मोठ्या माणसांच्या घरातल्या दोषांबद्दल वापरतो. येथे ती अक्षरशः खरी होते. वरच्या फडताळाच्या तळाशी एक हातभर लांबीची पट्टी लावली तरी हा अंधार जातो. तिचा खर्च दिवाणखान्यातल्या एका शोभेच्या दिव्याइतकाही नसतो. पण नकाशा पसरला जातो तेव्हा ओट्याशी कोण उभे राहणार, तिची सावली कोठे पडणार, हा प्रश्न सुचत नाही. न सुचणे हेच येथे महत्त्वाचे आहे. आजीच्या काळी तेल महाग होते. आता तेलाचा प्रश्न मिटला, आणि राहिला आहे तो न सुचण्याचा.

आता थोडे मोजमापाकडे वळू. भौतिकशास्त्र माझ्या वाट्याला दहावीच्या पुस्तकापुरतेच आले. परंतु एवढ्या विचाराला तेवढे पुरते. एका मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो त्याला ढोबळमानाने एक लक्स म्हणतात. पौर्णिमेचे चांदणे त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास असते. भर दुपारचे ऊन एक लाख लक्सपर्यंत जाते. शाळेच्या वर्गात सुमारे तीनशे लक्स असावेत असा संकेत आहे. डोळ्याची थोरवी अशी, की चांदण्यापासून उन्हापर्यंतच्या या अफाट पल्ल्यात तो कोठेही काम भागवून नेतो. आणि डोळ्याच्या या सहनशीलतेमुळेच आपली फसगत होते. अपुऱ्या उजेडात माणूस तक्रार करीत नाही. तो वाकतो, डोळे बारीक करतो, हळूहळू ते काम करणेच सोडून देतो.

हे शेवटचे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. माझ्या एका मैत्रिणीच्या सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. घराचे नूतनीकरण झाले आणि त्यांच्या खोलीला सर्वांत देखणा प्रकाश मिळाला, छताच्या कडेतून झिरपणारा, मधासारखा. पाहणाऱ्याने वाहवा करावी असा. दिवाळी होऊन संक्रांत आली, तोवर सासूबाईंनी संध्याकाळची पोथी सोडली. शिवणाची पिशवी कपाटात गेली. दिवेलागणीनंतर त्या पलंगावर नुसत्या बसून राहू लागल्या. घरात बोलणे सुरू झाले, की आईंचे आता मन लागत नाही, वय झाले, विसरायलाही लागल्या असतील. एकदा त्यांनी रक्तदाबाच्या गोळीऐवजी दुसरीच गोळी घेतली तेव्हा तर एकटीला ठेवायचे की नाही, इथवर गोष्ट गेली. त्यांची दुपारची मोकळीक, देवळापर्यंत एकटीने जाणे, सारेच जाणार होते. मग डोळ्यांच्या डॉक्टरने तपासणी करून विचारले, “आजी वाचतात कोठे बसून?” त्याने सांगितले ते असे: साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीच्या माणसाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशच उजेड पोहोचतो. बाहुली लहान राहते, भिंग पिवळे पडते. नातवाला जी खोली मंद व सुंदर दिसते, ती आजीला जवळजवळ काळोखी असते. पलंगाशेजारी भिंतीवर मान वळणारा एक दिवा बसवला. पोथी पुन्हा सुरू झाली. गोळ्यांच्या पाकिटांवरची अक्षरे त्या आता स्वतः वाचतात.

या प्रसंगात कोणी दुष्ट नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सून प्रेमळ, मुलगा कर्तव्यदक्ष, सजावटकारही आपल्या कामात वाकबगार. असे असूनही एका माणसाचे स्वातंत्र्य हातातून जाऊ लागले होते. कारण एकच: ती खोली कशी दिसते, हे तरुण डोळ्यांनी ठरवले होते; आणि तीत राहायचे होते म्हाताऱ्या डोळ्यांना. म्हणून या वाटणीचा पहिला नियम मी असा मांडीन: जेथे चार माणसे राहतात, तेथे उजेड सर्वांत दुबळ्या डोळ्याच्या मापाने द्यावा. तगड्या डोळ्याला अधिक उजेड झाला तर तो दिवा कमी करू शकतो. दुबळ्या डोळ्याला कमी पडला तर तो फक्त गप्प बसतो.

येथे माझ्यासमोर एक मोठा प्रतिपक्षी उभा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे. जपानी कादंबरीकार जुनइचिरो तानिझाकी याने 1933 साली सावलीची स्तुती करणारा एक दीर्घ निबंध लिहिला. विजेच्या लखलखाटाने जपानी घराचे सौंदर्य कसे नाहीसे झाले, लाखेची भांडी काळोखात मेणबत्तीच्या उजेडातच कशी जिवंत होतात, कोनाड्यातला गूढ अंधार हाच घराचा अलंकार कसा, हे त्याने फार मोहक रीतीने सांगितले आहे. ते वाचताना आपल्यालाही आपल्या देवळांचे गाभारे आठवतात. समईच्या उजेडात मूर्तीचा चेहरा हलल्यासारखा वाटतो. त्याच गाभाऱ्यात ट्यूबलाइट बसवली की मूर्ती तीच राहते, पण दर्शन राहत नाही. सौंदर्याला अंधार लागतो, हे तानिझाकीचे म्हणणे मला मान्य आहे.

परंतु त्याच निबंधाच्या इंग्रजी भाषांतराच्या अखेरीस एक किस्सा दिलेला आहे. तानिझाकीला नवे घर बांधायचे होते. वास्तुशिल्पी आला आणि अभिमानाने म्हणाला, की आपला निबंध मी वाचला आहे, आपल्याला कसले घर हवे ते मला ठाऊक आहे. तेव्हा तानिझाकी उत्तरला, की तसल्या घरात मला मुळीच राहता येणार नाही. हा किस्सा त्याची टवाळी म्हणून मी सांगत नाही. उलट त्यातच प्रश्नाची उकल आहे. सावलीचे सौंदर्य पाहुण्याला, रसिकाला, थोडा वेळ येऊन जाणाऱ्याला दिसते. त्या सावलीत तांदूळ निवडायचे असतील, बाळाच्या अंगावरचे पुरळ पाहायचे असेल, हिशेब लिहायचा असेल, तर तिची किंमत कोणीतरी वेगळेच माणूस देत असते. ज्याच्या हाती बटण आहे, त्याने अंधार निवडला तर ती रसिकता ठरते. ज्याच्या हाती बटण नाही, त्याच्या वाट्याला तोच अंधार आला तर त्याला सक्ती म्हणावे लागते. गाभाऱ्यातला अंधार आणि आजीच्या स्वयंपाकघरातला अंधार यांत डोळ्याला फरक दिसणार नाही. फरक आहे तो निवडीचा.

यावरून कोणाला वाटेल, की मग सगळीकडे भरपूर उजेड करावा, म्हणजे तंटाच मिटेल. आमच्याकडे पुष्कळ लोक तेच करतात. छताच्या मध्यावर पांढरा शुभ्र दिवा, भिंतींनाही पांढरा रंग. पोलीस चौकीसारखी खोली दिसते. पण उजेड वाढवल्याने वाटणी न्याय्य होत नाही, हे मला शिकवले ते एका विद्यार्थिनीने.

आमचे गाव यंत्रमागांचे. सातवीच्या वर्गातली एक मुलगी दुसऱ्या तासाला हटकून पेंगे. हुशार मुलगी, पण घरचा अभ्यास कधी पुरा नसे. चौकशी केली तेव्हा कळले, घर म्हणजे दहा बाय बाराची एक खोली, राहणारी माणसे सहा. वडील पहाटे पाचला मागावर जातात, म्हणून रात्री नऊला दिवा मालवतो. आई धुणीभांडी करून आठला येते. तिच्या हाताखाली ही मुलगी. म्हणजे अभ्यासाची वेळ येते आणि दिवा जातो. मग ती शेजारच्या जिन्यातल्या दिव्याखाली अकरापर्यंत बसे. तेथे येणारे-जाणारे असत, आणि वयात येणाऱ्या मुलीने रात्री तेथे बसू नये असे आईला वाटू लागले होते. शाळा सोडवण्याची भाषा सुरू झाली होती.

या घरात न्याय कोणाच्या बाजूला आहे? मुलीला उजेडाचा हक्क आहे, हे आपण शिक्षक लगेच म्हणू. पण बारा तास मागाच्या खडखडाटात उभा राहणाऱ्या माणसाला अंधाराचा हक्क नाही का? त्याची झोप पुरी झाली नाही तर हात मागात जाईल. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि खोली एकच आहे. येथे शंभर वॉटचा दिवा लावून काय होणार? भांडण तेवढे उजळून निघेल.

तोड निघाली ती भौतिकशास्त्राच्या एका साध्या नियमातून. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिसऱ्या हिश्शावर आणला तर नऊपट. छतावरचा मोठा दिवा सगळ्या खोलीवर उधळपट्टी करतो, तेव्हा कोठे वहीवर थोडा उजेड पडतो. वहीपासून हातभर अंतरावरचा लहानसा दिवा तेवढाच उजेड देतो आणि खोलीला हात लावीत नाही. मात्र त्याला छप्पर हवे. मुलीच्या वडिलांनीच तेलाच्या डब्याचा पत्रा कापून तीन वॉटच्या दिव्यावर टोपी केली, आतून पांढरा रंग दिला, आणि कोपऱ्यात जमिनीपासून दीड हातावर तो बसवला. वहीवर चांगला उजेड पडला आणि वडिलांच्या चेहऱ्यावर अंधार राहिला. ती मुलगी पुढे दहावी झाली, अकरावीला गेली. पत्र्याच्या एका टोपीने हे सारे केले असे मी म्हणणार नाही. पण ती टोपी नसती तर जिना होता, आणि जिन्यानंतर घरी बसणे होते.

हीच गोष्ट डेन्मार्कमध्ये पोल हेनिंगसन या माणसाने शंभर वर्षांपूर्वी आयुष्यभराचे काम म्हणून केली. त्याची आई लेखिका. तो वाढला रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात. मग विजेचा उघडा बल्ब आला आणि डोळ्यांत खुपू लागला. बल्ब कोठूनही डोळ्याला दिसू नये, पण त्याचा उजेड मात्र टेबलावर आणि माणसांच्या चेहऱ्यांवर मऊपणे पडावा, यासाठी त्याने एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचा दिवा 1926 साली तयार केला. त्या छत्र्यांच्या वळणामागे गणित होते. शंखात दिसते तसल्या वक्ररेषेचे. तसले दिवे आजही बनतात आणि ते फार महाग असतात. पण त्यामागचा विचार महाग नाही. दिव्याने स्वतः दिसू नये. ज्यासाठी तो लावला ते दिसावे. तेलाचा डबा कापणाऱ्या आमच्या मागवाल्याने हेनिंगसनचे नाव ऐकलेले नव्हते. दोघेही एकाच ठिकाणी पोहोचले, कारण दोघांनीही आधी माणूस पाहिला आणि मग दिवा.

अंधाराचा हक्क म्हणताना मी अलंकारिक बोलत नाही. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या कामी न येणाऱ्या, फक्त दिवस की रात्र हे शरीराला सांगणाऱ्या काही पेशी आहेत, हे 2002 साली स्पष्ट झाले. निळसर उजेड त्यांना विशेष जाणवतो. रात्री तसला उजेड डोळ्यांवर राहिला की झोप आणणारे द्रव्य शरीरात उशिरा व कमी तयार होते. शरीरातल्या या घड्याळाचे कोडे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना 2017 साली नोबेल मिळाले. दुकानदार आपल्याला ‘कूल डेलाइट’ म्हणून जो पांढरा दिवा देतो तो दिवसाच्या नावाला जागून रात्रीही दिवसच करतो. निजायच्या खोलीत पिवळसर, खाली बसवलेला दिवा बरा, हा सल्ला आजीनेही दिला असता; आता त्याला कारणही मिळाले आहे. जलरंगातली जुनी चित्रे संग्रहालयात पन्नास लक्सच्याच उजेडात ठेवतात, कारण उजेड रंग खातो. माणसाच्या झोपेची आपण तेवढीही काळजी घेऊ नये?

आणि अंधाराचा आणखीही एक उपयोग आहे. भरल्या घरात नव्या सुनेला एकटीने रडायला जागा नसे. ती जागा परसातल्या किंवा कोठीतल्या अंधाराने दिलेली होती. वयात येणारा मुलगा, नोकरी गेलेला भाऊ, कोणाशी बोलायचे नाही असे काही मनात असलेला कोणीही, या सर्वांना घरात एक काळोखी जागा लागते. सर्व कोपरे उजळून टाकणारे घर स्वच्छ दिसते; पण त्यात माणसाला सदैव दुसऱ्याच्या नजरेखाली वावरावे लागते. म्हणून वाटणी करताना उजेडाबरोबर अंधारही वाटून द्यावा लागतो, हे विसरून चालणार नाही.

या साऱ्यावर एक आक्षेप शिल्लक राहतो आणि तो मला स्वतःलाही छळतो. दिवे नीट लावल्याने घर न्यायी होते का? ओट्यावर उत्तम उजेड असलेल्या घरात बाईला दिवसभर राबवून घेतले जात नाही का? म्हाताऱ्यांच्या उशाशी सुरेख दिवा आहे आणि त्यांच्याशी बोलायला कोणी नाही, अशी घरे मी पाहिलेली आहेत. दिव्याने माणूस सुधारतो असे म्हणणे म्हणजे, आपल्या बोलीत सांगायचे तर, नुसते दिवे लावणे होय! हा आक्षेप मी खोडून काढू शकत नाही, काढायचाही नाही. मला म्हणायचे आहे ते त्याहून लहान आहे. मोठे अन्याय दूर करण्याची शक्ती आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती नसते. पण घरातला दिवा कोठे असावा हे ठरवणे आपल्या हाती आहे. आणि ते ठरवण्यासाठी येथे कोण बसते, काय करते, त्याला कसे दिसते, त्याला केव्हा झोप येते, हे विचारावे लागते. तो प्रश्न ज्याने एकदा मनापासून विचारला त्याला पुढचेही काही प्रश्न सुचण्याचा संभव असतो. निदान न सुचण्याची सबब तरी राहत नाही.

मग शोभेला जागाच नाही का? आहे. रिचर्ड केली नावाच्या अमेरिकन प्रकाशयोजनाकाराने 1952 साली उजेडाचे तीन प्रकार सांगितले: खोलीत वावरण्यापुरता सर्वसाधारण उजेड, कामाच्या जागेवर एकवटलेला उजेड, आणि नुसताच आनंद देणारी चमचम. त्याने तिसऱ्याला पहिल्या दोघांच्या पंगतीत बसवले, हे मला आवडते. पणती ही त्या तिसऱ्या प्रकारातली. पणतीच्या उजेडात काही वाचता येत नाही, निवडता येत नाही. पण पुण्यात दिनकर केळकरांनी जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयात जुने दिवे पाहताना माझ्या मनात आले ते असे, की साखळीने टांगायचे, जमिनीवर उभे राहायचे, हातात धरून न्यायचे असे किती परींचे दिवे माणसाने केले. प्रत्येकाची जागा आणि प्रत्येकाचे काम वेगळे. शोभा त्यांतही ओतप्रोत आहे; परंतु ती कामाला बाजूला सारून आलेली नाही.

आणि दिवाळीतले दिवे पाहा. पणत्या उंबऱ्यावर, तुळशीपाशी, कठड्यावर. आकाशकंदील तर घराबाहेरच टांगलेला. घरात बसलेल्या माणसाला तो दिसतही नाही. दिसतो तो रस्त्याने जाणाऱ्याला, ज्याचे नावही आपल्याला माहीत नसते. वर्षातून चार दिवस का होईना, आपण आपला सर्वांत सुंदर दिवा दुसऱ्यासाठी लावतो आणि त्याचा उपयोग काय असे कोणी विचारीत नाही.

यंदाच्या दिवाळीत घराची साफसफाई झाली, की एक काम करून पाहावे. दिवेलागणीनंतर घरातल्या प्रत्येक माणसाच्या जागेवर पाच-पाच मिनिटे जाऊन बसावे, उभे राहावे. ओट्याशी उभे राहून आपली सावली कोठे पडते ते पाहावे. आईच्या पलंगावर बसून तिच्या औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचून पाहावी, आणि आपल्याला वाचता आली तरी तिला विचारावे. मूल जेथे अभ्यासाला बसते तेथे बसावे, आणि त्याच वेळी शेजारी झोपणाऱ्याच्या उशीवर डोके टेकून छताकडे पाहावे. कामाला येणाऱ्या बाई जेथे भांडी घासतात त्या जागीही वाकून पाहावे. ती जागा बहुतेक घरांत सर्वांत अंधारी असते. एवढे झाले म्हणजे मग सजावटकाराला खुशाल बोलवावे आणि त्याची पेन्सिल त्याच्या हाती द्यावी.